प्रुडन्स थांबली नाही

क्लीव्हलंड, ९ सप्टेंबर १९११

प्रिय मिनर्वा,

तुझी प्रुडन्स मंगळवारी मालगाडीने सुखरूप पोचली. उतरवून घेताना एका हमालाने विचारलं, "ही काचेची बैठकीची खोली कुणाची?" मी म्हटलं, "माझ्या थोरल्या बहिणीची. बर्चफील्डला डॉक्टर आहे. हिच्यात बसून अर्ध्या जिल्ह्याची बाळंतपणं करते." त्याने टोपी काढली, गाडीसाठी की तुझ्यासाठी, कोण जाणे. प्रुडन्स आत्याला जाऊन बारा वर्षं झाली, पण या विजेच्या गाडीला तिचं नाव ठेवलंस ते अगदी शोभतं. तीच ताठ पाठ, तोच मुकेपणा, आणि कितीही गयावया करा, वेग म्हणून वाढवायची नाही.

आता मुद्द्याचं. ऑगस्टमध्ये स्टॉफरांच्या टेकडीवर ती धापा टाकत होती, असं तू लिहिलं होतंस. मी बॅटरी उघडून पाहिली. ती संपली आहे, मिनर्वा. आतल्या शिशाच्या पट्ट्या झडल्या आहेत. आता नवी बॅटरी घालणं म्हणजे म्हाताऱ्या घोड्याला चांदीचे नाल ठोकणं.

नऊ वर्षं मी विजेच्या गाड्यांची सेवा केली. माझी एकही पँट ॲसिडच्या भोकांवाचून नाही. तेव्हा मीच सांगतोय म्हटल्यावर तू ऐकशील: पेट्रोलची गाडी घे. आमचे मालक मिस्टर ट्रास्क यांनी उन्हाळ्यात पेट्रोलच्या गाड्यांची एजन्सी घेतली आहे. प्रुडन्स आम्ही बदल्यात ठेवून घेऊ, बाकीचं मी बघतो. चाळीस मैल जा, साठ जा, वाटेतल्या किराणा दुकानातसुद्धा पेट्रोल मिळतं. इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारावं लागतं हे खरं. पण जिने चौदाव्या वर्षी बाबांच्या गोठ्यात अडलेलं वासरू ओढून काढलं, ती हँडलला काय भिणार!

लवकर कळव. या महिन्यात ठरलं तर बरं.

तुझा ओरिन

ता.क. माझ्या बेसला पाचवा महिना लागला. जानेवारीत तूच हवीस, असं तिने बजावून लिहायला सांगितलं आहे.


बर्चफील्ड, १४ सप्टेंबर १९११

ओरिन,

पत्र दोनदा वाचलं. 'आता उपाय नाही' हे घरच्यांना सांगायचं असलं की मीही असाच आधी विनोद करते, मग घसा खाकरते. तेव्हा बातमी खरोखरच वाईट असणार.

मला पेट्रोलच्या गाड्या आवडत नाहीत. केम्प लोहाराची ती ठणठणती गाडी दारावरून गेली की माझ्या कोंबड्या दोन दिवस अंडी देत नाहीत. रोग्याच्या दारात उतरले की मी डॉक्टर वाटायला हवी, मिस्त्री नव्हे. शिवाय गावातले पुरुष चार वर्षं मला 'काचेतली कोंबडी' म्हणताहेत. आता 'बघा, आलात की नाही वळणावर?' म्हणायला मोकळे.

पण बोलावणी लांबून यायला लागली आहेत, आणि वाटेत बंद पडणारी डॉक्टर कुणाच्या कामाची? तुला पोटातलं कळत नाही, मला बॅटरीतलं कळत नाही. तू म्हणतोस ती मेली, तर मेली. शनिवारी तीस तारखेला नवी गाडी घेऊन ये आणि शिकव. आणि सुरू करायच्या सगळ्या पायऱ्या एका कार्डावर लिहून दे. बाटलीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचल्याशिवाय मी कुणाला औषध देत नाही, तुला ठाऊक आहे. गाडीलाही तोच नियम.

प्रुडन्सला चांगल्या घरी दे. भंगारात नको.

बेसला म्हणावं, मीठ कमी खा. जानेवारीत मी येतेच आहे.

मिनर्वा


बर्चफील्ड, २२ ऑक्टोबर १९११

ओरिन,

तुझी ही पेट्रोलची वाघीण नीट आहे. मी मात्र तिच्या वासाने हैराण आहे. काल मिसेस ड्रेकने दार उघडताच विचारलं, "डॉक्टरबाई, कुठे आग लागली का?"

हँडल मात्र अजून एकदाही मारलेलं नाही. सकाळी केम्प येतो, लिव्हर वगैरे स्वतःच लावतो आणि एका झटक्यात सुरू करून देतो. कार्ड वाचू का म्हटलं तर म्हणतो, "कागदाने गाडी सुरू होत नाही, डॉक्टरबाई, मनगटाने होते." शेतांवर गेले की तिथला कुणी ना कुणी बाप्या पुढे सरसावतोच. बायकोच्या बाळंतपणात त्यांना तेवढंच एक काम करता येतं, म्हणून मी करू देते.

तुझं कार्ड समोर टाचलेलं आहे. कधीतरी लागेलच.

प्रुडन्सला कुणी नेलं?

मिनर्वा


बर्चफील्ड, २० नोव्हेंबर १९११

ओरिन,

ही अक्षरं कोंबडीची नाहीत, माझ्या डाव्या हाताची आहेत.

मंगळवारी दुपारी स्टॉफरांकडे जुळी झाली. दोन्ही मुलगे, दोन्ही रडके, म्हणजे उत्तम. निघाले तेव्हा पुरुषमाणसं मक्याच्या शेतात होती. म्हटलं, कशाला बोलवायचं? तुझ्या कार्डाप्रमाणे सगळं केलं आणि हँडल फिरवलं. ते अर्ध्यातून उलटं आलं. उजव्या मनगटाची दोन्ही हाडं गेली. हाड मोडल्याचा आवाज मी आयुष्यभर ऐकत आले, पण स्वतःचा पहिल्यांदाच ऐकला. पलीकडच्या गावच्या डॉक्टर हॅस्केलनी ते बसवलं. ते बाहत्तर वर्षांचे आहेत आणि चष्मा विसरून आले होते.

केम्पने गाडी पाहिली. तो म्हणाला, ठिणगीचा लिव्हर पुढे होता, तो मागे हवा. पुढे असला की ठिणगी वेळेआधी पडते आणि इंजिन उलटी लाथ मारतं. हँडल वाकलंय, म्हणून गाडी तुझ्याकडे पाठवली आहे. कार्ड तिच्यातच आहे. जरा बघून सांग बरं, मी कुठली पायरी चुकले?

बोटं हलतात का म्हणून विचारशील. दोन हलत नाहीत.

मिनर्वा


क्लीव्हलंड, २७ नोव्हेंबर १९११

प्रिय मिनी,

तुझं पत्र वाचून बेस रडली आणि मी अंगणात जाऊन उभा राहिलो. काय लिहू? फळं पाठवली आहेत. बेसने विणलेली शालही आहे.

गाडी पोचली. आतून बाहेरून पाहिली, नवं हँडल बसवून याच आठवड्यात परत पाठवतो. कार्ड काही सापडलं नाही. वाटेत वाऱ्याने उडालं असेल, मालगाडीत काय सगळी दारं उघडीच असतात. पण त्याने काय फरक पडतो? तू दमलेली होतीस. दोन बाळं एका दुपारी! विजेच्या गाडीत लिव्हर पुढे ढकलला की गाडी निघते. चार वर्षांची तीच सवय हाताला. हात आपोआप पुढे गेला असणार. कुणाचंही झालं असतं. स्वतःला लावून घेऊ नकोस.

बोटं हळूहळू सुटतील. तूच म्हणतेस ना, हाड माणसापेक्षा शहाणं असतं.

तुझा ओरिन


बर्चफील्ड, २ फेब्रुवारी १९१२

ओरिन,

मुलगी झाल्याची तार मिळाली आणि मागून तुझं पत्रही. बेस बरी आहे हे वाचून बरं वाटलं. मी असते तर तिला टाका पडू दिला नसता, पण असो. मुलीचं नाव मिनर्वा ठेवलंस म्हणे. बिचारीने काय केलंय? शाळेत तिला सगळे चिडवतील. एवढा मान मी तुझ्याकडे मागितला नव्हता.

हाताचं सांगायचं तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळच राहतं. दाराला टकटक करायला आयतं आहे, चिमटा धरायला निरुपयोगी. माझ्या बायका आता हॅस्केलकडे जातात. एक तर गेल्या आठवड्यात वाचायला हवी होती, वाचली नाही. मी घरातच होते, सहा मैलांवर. केम्प गावाला गेला होता आणि हँडल मारायला कुणी नव्हतं.

वर्तमानपत्रात वाचलं, आता अशी पेट्रोलची गाडी निघाली आहे की हँडल मारायलाच नको. बटण दाबलं की आतली विजेची मोटर इंजिन फिरवते. वा रे शहाणे! काखेत कळसा आणि गावाला वळसा. वीज वाईट म्हणून टाकली आणि मग तिलाच पेट्रोलच्या पोटात नेऊन बसवली. तसली गाडी मला परवडायची नाही.

म्हणून विचारते. प्रुडन्स डाव्या हाताने चालते. तिला हँडल नाही. मला तेवढंच हवं आहे. बॅटरी मेली तर मेली, नव्या बॅटरीचं मी बघेन. ती कुणाकडे आहे ते सांग. मागे विचारलं होतं, तू उत्तर दिलं नाहीस.

मिनर्वा


क्लीव्हलंड, २५ फेब्रुवारी १९१२

मिनी,

तीन पत्रं लिहून फाडली. हे फाडायच्या आत बेसच्या हाती देतो, ती टपालात टाकेल.

सोबत कार्ड आहे. ते उडालं नव्हतं. गाडी आली त्या दिवशी ते जागच्या जागीच टाचलेलं होतं. मी वाचलं, काढलं आणि टोपीच्या अस्तरात खुपसलं. तेव्हापासून ती टोपी घालतोय.

दुसरी पायरी वाच. 'डाव्या हाताचा लिव्हर पुढे.' माझंच अक्षर. मागे लिहायला हवं होतं आणि मी पुढे लिहिलं. तुझी सवय नव्हती, माझी होती. नऊ वर्षं मी लोकांना हेच शिकवत आलो: बसा, लिव्हर पुढे, निघा. त्या शनिवारी घाई होती. तुला दाखवताना मी लिव्हर बरोबर मागे घेतला असेल, पण लिहिताना हाताने जुनंच लिहिलं. तू चुकली नाहीस. तू अगदी कार्डाप्रमाणे केलंस. आणि मी तुला लिहिलं की तू दमली होतीस.

रोज सकाळी पोरीला उचलतो. तिच्या मुठीत माझं बोट धरून ठेवते. पाचही बोटांनी. मला तिच्याकडे बघवत नाही.

तू काय म्हणशील ते म्हण. मी ऐकायला तयार आहे.

ओरिन


बर्चफील्ड, ३ मार्च १९१२

ओरिन,

कार्ड मिळालं. मला ते पाठ होतं.

मी चिठ्ठी मोठ्याने वाचल्याशिवाय औषध देत नाही, हे तुला सांगितलं होतं. स्टॉफरांच्या अंगणातही मी ते मोठ्याने वाचलं. त्यांची म्हातारी खिडकीत होती, तिनेही ऐकलं. 'डाव्या हाताचा लिव्हर पुढे.' मग पुढे ढकलला. केम्पने दुसऱ्या दिवशी 'मागे हवा' म्हटलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी तुला लिहिलं, कुठली पायरी चुकले ते बघून सांग. तुला सांगायची संधी दिली होती. तू वाऱ्यावर ढकललंस.

कार्डाची चूक मी त्याच आठवड्यात माफ केली होती. मी पहिल्या वर्षी एका माणसाच्या डाव्या पायाऐवजी उजव्याला खपच्या बांधल्या होत्या. तो बिचारा लाजून बोललाच नाही. चूक कुणाची होत नाही? लपवल्याबद्दल मात्र मला राग आला होता. तीन महिने मी रोज टपालाची वाट पाहिली.

आता तुझं पत्र आलं. पण ओरिन, मी वीस वर्षं माणसांची दुखणी ऐकते आहे. जो रोगी गुडघ्याबद्दल फार बोलतो, त्याचं दुखणं बहुतेक छातीत असतं. तू कार्डाबद्दल पानभर लिहिलंस. प्रुडन्सबद्दल मी ऑक्टोबरपासून दोनदा विचारलं आणि तू तिचं नावसुद्धा घेतलं नाहीस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

प्रुडन्स कुठे आहे? आणि त्या शनिवारी एवढी घाई कसली होती?

मिनर्वा


क्लीव्हलंड, २४ मार्च १९१२

मिनर्वा,

सांगतो. कुठून सुरू करावं ते समजत नाही म्हणून जसं घडलं तसंच सांगतो.

ऑगस्टमध्ये ट्रास्कने आम्हा चौघांना, विजेच्या गाड्यांच्या मिस्त्र्यांना, ऑफिसात बोलावलं. म्हणाला, "विजेचे दिवस भरले. मला पेट्रोलची माणसं हवीत. तुम्ही पेट्रोलचे झालात हे मला कसं कळणार? प्रत्येकाने आपल्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक तरी फिरवून दाखवा. सप्टेंबर संपायच्या आत." ज्याने दाखवलं नाही त्याची सुट्टी, हे त्याने बोलून दाखवलं नाही, पण आम्ही सगळे समजलो. बेसला दिवस होते. माझी गिऱ्हाइकं म्हणजे बँकवाल्यांच्या बायका. त्या माझं ऐकेनात. एकीने तर तोंडावर सांगितलं, "ओरिन, हँडल तू ये मारायला रोज."

आणि सप्टेंबर लागताच तुझी प्रुडन्स आली.

तिची बॅटरी मेली नव्हती. तळाशी गाळ साचला होता, एवढंच. गाळ साचला की पट्ट्या आतल्या आत एकमेकींना टेकल्यासारख्या होतात आणि गाडी दम टाकते. बॅटरी उघडायची, धुवायची, नवं ॲसिड भरायचं. दोन दिवसांचं काम. मी ते शेकडो वेळा केलं आहे. तुझं मागच्या वर्षीच करायला हवं होतं.

मी तुझी बॅटरी उघडली, गाळ पाहिला, परत झाकण लावलं आणि तुला पत्र लिहायला बसलो. दुसरं कुणी मला 'दाखव बघू' म्हणालं असतं. तू म्हणणार नाहीस हे मला माहीत होतं. म्हणून तुला निवडलं. खरं तेच आहे. तुझ्यावर सोपं जाणार होतं, कारण तू माझ्यावर विश्वास ठेवतेस.

तुला नवी गाडी देऊन आल्यावर मी तिची बॅटरी धुतली. ऑक्टोबरात ती मिसेस ऑल्डरिच नावाच्या म्हातारीने नेली. तिथे सुरळीत चालते. म्हणूनच तुझ्या प्रश्नाला उत्तर देता येईना. ती चालते हे कळलं असतं तर तुला सगळंच कळलं असतं.

सप्टेंबर संपताना ट्रास्कने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेची जागा मला अजून कळते. तुझं मनगट, तुझं काम, ती सहा मैलांवरची बाई, सगळं मी केलंय. कार्ड ही चूक होती. हे चूक म्हणता येत नाही.

माफी मागत नाही. मागण्याजोगं तोंड नाही.

ओरिन


बर्चफील्ड, ३० मार्च १९१२

ओरिन,

प्रुडन्सला घेऊन ये. रस्ते वाळल्यावर. मालगाडीने नव्हे, स्वतः चालवत. एकतीस मैल, एकदाच चार्ज करून, मध्ये कुठे वीज भरायची नाही.

वाटेत ती बंद पडली तर मी समजेन, सप्टेंबरात तू खरं लिहिलं होतंस आणि आता उगाच स्वतःला कुटतो आहेस. केम्पच्या घोड्यांनी ओढून आणू आणि हा विषय संपला.

बंद नाही पडली, तर एकतीस मैल विचार करायला मिळतील.

मिनर्वा


बर्चफील्ड, शनिवार ४ मे १९१२, तुझ्या दारात

मिनर्वा,

हे पत्र प्रुडन्सच्या सीटवर ठेवतो. तुझ्या मोलकरणीने, टिलीने, दार उघडलं आणि तू आत आहेस, पण बाहेर येणार नाहीस, असं सांगितलं. वरच्या खिडकीचा पडदा हलला. ठीक आहे. मी इथे पायरीवर बसून लिहितोय आणि मग चालत स्टेशनवर जाईन.

मिसेस ऑल्डरिचकडून गाडी मिळवायला मी काय काय द्यायची तयारी करून गेलो होतो! ती म्हणाली, "घेऊन जा बाबा. जावयाने बटणाची गाडी दिली आहे. ही कोठीत जागा अडवते." तुझी वाघीण मालगाडीने परत पाठव, ती घ्यायला ट्रास्कनेही कटकट केली नाही. मी काम सोडतोय म्हटल्यावर त्याला सुटल्यासारखं झालं. ट्रामच्या डेपोत काम मिळालं आहे. तिथे सगळं विजेवरच चालतं आणि मला काही विकावं लागत नाही.

सकाळी सातला निघालो. शहराबाहेर पोरं धावत आली, "घोडा आण, काका, घोडा!" मी हात हलवला. दहाव्या मैलावर वाटलं, आता दम टाकेल. नाही. पंधराव्या मैलावर एक माणूस पेट्रोलची गाडी सुरू करत होता. मी थांबलो, उतरलो आणि त्याचा लिव्हर पाहिला. बरोबर मागे होता. मी परत पाहिला. तो म्हणाला, "तुम्ही कोण, इन्स्पेक्टर?" मी म्हटलं, नाही, आणि निघालो.

विसाव्या मैलावर मी विजेच्या काट्याकडे बघायचं सोडलं. मग स्टॉफरांची टेकडी आली. मिनर्वा, तुला खरं सांगतो, त्या चढावर मी मनातल्या मनात तिला विनवत होतो, थांब गं बाई, एकदा थांब. अर्ध्यावर थांबली असती तर मी रस्त्यात बसून आनंदाने रडलो असतो. निदान थोडं तरी मी खरं बोललो होतो, असं झालं असतं. पण ती चढली. एकसारखी, आवाज न करता, प्रुडन्स आत्या चर्चच्या पायऱ्या चढायची तशी. वरून तुझं छप्पर दिसलं आणि मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ बसलो.

एकतीस मैल झाले. काट्यावर अजून तिसरा हिस्सा वीज शिल्लक आहे. तू बघशीलच. तेवढीच ती गेल्या वर्षीही चालली असती.

किल्ली टिलीकडे दिली आहे. पोरीचा फोटो सोबत ठेवलाय. तिचं नाव बदलू का, ते सांग. तू म्हणशील तसं करेन.

ओरिन


बर्चफील्ड, ९ मे १९१२

ओरिन,

तू गेल्यावर खाली आले. पडद्यामागे मीच होते, टिली नव्हे. तुला पायरीवर लिहिताना बघितलं. लहानपणी अक्षरं गिरवताना तू जशी जीभ बाहेर काढायचास, तशीच अजून काढतोस. त्यामुळे खाली यायला निघाले होते, पण राग अजून गेला नव्हता. तोही बिचारा पाच-सहा महिने माझ्या सोबतीला राहिला आहे. असा एका दुपारी कसा हाकलू?

काटा पाहिला. तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं जास्तच आहे. म्हणजे तू खोटं लिहिलं होतंस याला आता पत्राचीही साक्ष नको.

सोमवारी हूबरांकडून बोलावणं आलं. हॅस्केल पडसं घेऊन निजले होते. मी प्रुडन्समध्ये बसले, डाव्या हाताने लिव्हर पुढे ढकलला आणि निघाले. जाऊन येऊन अकरा मैल. मिसेस हूबरने माझा हात पाहून विचारलं, "डॉक्टरबाई, जमेल ना?" मी म्हटलं, "बाळाला यायचं जमतंय. मला फक्त झेलायचं आहे." मुलगी. साडेसात पौंड. तीन बोटं पुरली.

परत येताना मी रडले. काचेच्या गाडीत बसून रडलं की सगळा गाव बघतो, हे तुझ्या एजन्सीने कधी सांगितलं नव्हतं.

पोरीचं नाव तेच राहू दे. तिने काही केलेलं नाही. तू मात्र एवढ्यात येऊ नकोस. मी बोलावेन.

बॅटरीत पाणी किती दिवसांनी घालायचं, ॲसिड कसं तपासायचं आणि गाळ साचू लागला हे कसं ओळखायचं, ते एका कार्डावर लिहून पाठव. मी मोठ्याने वाचेन, आणि मग स्वतः झाकण उघडून बघेन.

मिनर्वा